लहान आतड्यातली दोन मिनिटं

माझे वडील शिंपी. पण बेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी एका सिनेमात घासाचं काम केलं होतं. घास म्हणजे जेवणातला घास, दुसरा कुठला नाही. हसायचं असेल तर आताच हसून घ्या, पुढे मी ऐकून घेणार नाही.

झालं असं, की शाळांसाठी माहितीपट काढणाऱ्या एका कंपनीला पचनसंस्थेवर वीस मिनिटांचा सिनेमा करायचा होता. पचनसंस्था कापडाची हवी होती आणि ती शिवायला बाबांना बोलावलं होतं. बाबांनी उशांचे दात केले, लाल मखमलीची जीभ केली, जठराला आतून अस्तर लावलं आणि गुलाबी साटिनचं बावीस फूट लहान आतडं पायमशीनवर एकट्यानं शिवलं. घासाचा पोशाखही त्यांचाच. अंगभर ब्रेडच्या रंगाचे सत्तेचाळीस तुकडे, प्रत्येक टिचबटणानं लावलेला. घासाच्या कामासाठी नाटकातला एक नट आणला होता. तो पोशाख घालून अर्धा तास उभा राहिला आणि त्याच्या अंगावर हे एवढं पुरळ उठलं. “मी आजवर राजाचं काम केलंय, खाज सुटलेल्या पावाचं करणार नाही,” असं म्हणून तो तडक निघून गेला. दिग्दर्शकानं इकडेतिकडे पाहिलं. पोशाखाच्या मापाचा दुसरा एकच माणूस तिथं होता, आणि तो एका सुट्या झालेल्या अक्कलदाढेला टाके घालत बसला होता.

या सिनेमात मीही आहे. म्हणजे माझा उजवा हात आहे. लहान आतड्याच्या भिंतींना बाबांनी चिरा ठेवल्या होत्या. त्यांतून लहान मुलांचे हात बाहेर यायचे आणि घासाच्या अंगावरचा एकेक तुकडा काढून घ्यायचे. अन्नरस शोषला जातो तो असा. कंपनीतल्या लोकांनी आपापली पोरं आणली होती, बाबांनी मला नेलं होतं. मी दहा वर्षांची. कापडामागे अगदी शेवटच्या चिरेशी उभी केली, समोरचं काही दिसत नव्हतं. “काढ हात” म्हणाले, मी काढला. हाताला काहीतरी लागलं, मी ते ओढलं. संपलं माझं काम. बाबांच्या तोंडी अख्ख्या सिनेमात एकच वाक्य आहे आणि ते त्याच वेळी आहे, पण माझ्या कानाशी एक मोठा पंखा घरघरत होता, त्यामुळे तेही ऐकू आलं नाही.

“काय वाक्य होतं, बाबा?” मी शंभरदा विचारलं असेल.

“ते बघायचं असतं. सांगितलं की मजा जाते.”

आणि बघायला कधी मिळालंच नाही. पहिला खेळ ठेवला त्या दिवशी घास जठरात पोचला आणि वीज गेली ती दोन तास आली नाही. मग सिनेमा शाळाशाळांतून फिरला, आमच्याही शाळेत आला. पस्तीस मिनिटांचा तास, त्यातली तीस मिनिटं मशीन लावण्यात जायची. बाबा घशातून खाली उतरायला लागले की घंटा व्हायची. चार वर्षं मला वर्गात ‘घासाची पोर’ म्हणत होते. आज मी बावन्न वर्षांची आहे, त्याच शाळेत विज्ञान शिकवते, सिनेमा आता सीडीवर आलाय, पण बाबांना सोडून एकटीनं तो बघायला मन होत नाही, आणि तरीही बाबा जठराच्या पुढे गेल्याचं आमच्या ओळखीत कुणी पाहिलेलं नाही.

बाबा एक्क्याऐंशीचे आहेत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं: “मी लहान आतड्यात काय काम केलंय ते एकदा पोरांबरोबर बसून बघायचंय. मग बोलावणं आलं तरी चालेल.”

“शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत या, आपण दोघं बघू.”

“दोघं बघायला ते काय लग्नाचं शूटिंग आहे? ते वर्गासाठी केलंय. पोरं हसली नाहीत तर मला कळणार कसं?”

बरं, म्हटलं, सातवीला पचनसंस्था आहेच, वर्षअखेरीला वर्गात लावू. तेवढ्यात ते परिपत्रक आलं.

कुठल्याशा शाळेनं स्नेहसंमेलनात दुसऱ्याचं गाणं वाजवलं म्हणून तिला नोटीस गेली होती. मग वरच्या कार्यालयानं सगळ्याच शाळांना सतरा पानं पाठवली. ‘वर्गातील मल्टिमीडिया प्रकल्पांमध्ये कॉपीराइट साहित्याचा न्याय्य वापर.’ सिनेमा असेल तर एका प्रकल्पात फक्त दहा टक्के दाखवायचा. गाणं असेल तर तीस सेकंद. आणि शाळेकडची प्रत दोन वर्षं झाली की नष्ट करायची. आमच्या सीडीची दोन वर्षं नेमकी सत्राच्या शेवटच्या दिवशी भरत होती.

आता मला सांगा, असलं परिपत्रक कुणाकडे द्यावं? ग्रंथपालांकडे, नाहीतर भाषेच्या एखाद्या बाईंकडे. आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंनी, ते पी.टी.च्या सरांकडे दिलं. का? तर शाळेत स्टॉपवॉच फक्त त्यांच्याकडे होतं!

पी.टी. सर वाईट माणूस नाही. उलट इतका सरळ, की भिंतीला टेकवून उभा केला तर मध्ये फट राहणार नाही. ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, काखेत रजिस्टर. ते प्रत्येक तासाला वर्गाच्या दारात येऊन उभे राहायला लागले. गाण्याच्या तासाला तिसाव्या सेकंदाला शिट्टी. पंधरा दिवसांत मुलांना अशी सवय लागली की ती स्वतःची गाणीही तीस सेकंदांत तोडायला लागली. एका आईची तक्रार आली की पोरगी न्हाणीघरात गाते आणि मध्येच गप्प होते, घरात जिवाला घोर लागतो. चित्रकलेच्या सरांनी तर गायीच्या चित्रावर वर्तमानपत्र डकवून फक्त शेपटीचा गोंडा उघडा ठेवला. “काढा,” म्हणाले. अर्ध्या वर्गानं रंगाचा ब्रश काढला आणि त्यांना पैकीच्या पैकी मार्क मिळाले.

मी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं. ती कंपनी बंद होऊन दुसरीत गेली होती आणि ती दुसरी आता गाद्या बनवते. गादीवाल्यांनी फार अदबीनं कळवलं होतं की सर्व कलाकारांची लेखी संमती असेल तर अख्खा सिनेमा जरूर दाखवा. कलाकार तेच आहेत याची खातरजमा मात्र ते सिनेमा बघून करतील. त्यांच्याकडे प्रत नाही, तरी एक प्रत काढून पाठवावी. प्रत काढण्यास अर्थातच मनाई आहे. पत्राच्या तळाशी पाठीच्या कण्याला आधार देणाऱ्या गादीचं चित्र होतं. त्या दिवशी माझं डोकं असं फिरलं की मी ती सीडी उचलली आणि तरातरा मोठ्या बाईंच्या खोलीत गेले.

“बाई, फक्त दोन मिनिटं बघा. एवढंच बघा आणि मग सांगा की हे फोडून टाकायचं.”

मोठ्या बाई चहा घेत होत्या. मी त्यांच्या कॉम्प्युटरवर सीडी घातली आणि कव्हरवर छापलेल्या वेळा बघून सरकवत सरकवत नेमकी चौदाव्या मिनिटावर नेली. लहान आतड्याचा शेवट, बाबांचं सर्वांत भारी काम. लावलं, आणि मी मूर्ख, पडद्याकडे पाहिलंच नाही! दोन मिनिटं मी मोठ्या बाईंच्या तोंडाकडे पाहत होते. आता यांचा चेहरा बदलेल, मग बदलेल. तेवढ्यात त्यांचं बिस्किट चहात पडलं. त्या चमच्यानं ते शोधायला लागल्या. ज्या घटकेला बाबा आपलं एकुलतं एक वाक्य बोलत असणार, त्याच घटकेला मोठ्या बाई म्हणाल्या, “गेलं, तळाशी गेलं.”

मग त्यांनी मान वर केली. “छान आहे हो. पण परिपत्रक आहे ना.”

मागे टिक असा आवाज झाला. पी.टी. सर दारात उभे होते. त्यांनी स्टॉपवॉच थांबवलं, दोन मिनिटं बरोब्बर झाली होती, आणि रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिलं. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. तिथंच चुकलं.

वर्गात येऊन मी डबडबलेल्या डोळ्यांनी फळ्यावर जठर काढत होते. मॉनिटर चष्मा सावरत उठली. “बाई, रडताय का?”

“नाही. खडूची धूळ आहे.” मग राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. सिनेमा, बाबा, दहा टक्के, सगळं.

ती पोरगी बोटांवर काहीतरी मोजत होती. “बाई, एका प्रोजेक्टला दहा टक्के ना? आणि आपल्या वर्गात प्रोजेक्टचे ग्रुप किती आहेत?”

चाळीस मुलं, चौघांचा एक, दहा ग्रुप. मी खडू खाली ठेवला आणि तिच्या गालाचा पापा घेतला. वर्गात एकच गलका. प्रत्येक ग्रुपनं आपापला प्रोजेक्ट करायचा, स्वतःची चित्रं, स्वतःचा आवाज, आणि त्यात सिनेमाची फक्त दोन मिनिटं. पहिल्या ग्रुपला तोंड, दुसऱ्याला घसा, तिसऱ्या-चौथ्याला जठर, असं उतरत उतरत शेवटपर्यंत. दहाव्या तुकड्यासाठी मुलांमध्ये मारामारी झाली, त्याला माझा इलाज नव्हता.

पी.टी. सरांनी एक दिवस विचार करायला मागितला. दुसऱ्या दिवशी ते सतरा पानांवर खुणा करून आले.

“बाई, दहा प्रोजेक्टना हरकत नाही. पण एकाच माणसानं दहाही ओळीनं बघितले तर त्यानं अख्खा सिनेमा बघितला. ते बसत नाही.”

“मग काय प्रत्येक वेळी नवीन पोरं जन्माला घालू?”

“तसं नाही. मध्ये खंड पाहिजे. प्रेक्षक बदलला पाहिजे.” सरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “मैदानाला एक फेरी! माणूस फेरी मारून आला की वेगळा असतो. अठरा वर्षं बघतोय मी.”

मी मान्य केलं.

“आणि आठवा तुकडा होणार नाही.”

“का?”

त्यांनी रजिस्टर उघडून समोर धरलं. मुख्याध्यापिकांचं दालन, चौदा ते सोळा मिनिटं, वेळ, तारीख. शेरा: वापर झाला. “एक तुकडा वर्षातून एकदा. पान अकरा. तुम्ही स्वतःच वापरलात, बाई.”

मी भांडले. चांगली कडाकडा भांडले, स्टाफरूममधले लोक कपबशा घेऊन व्हरांड्यात गेले. मी त्यांना काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. सर खाली मान घालून ऐकत होते आणि मी दम घ्यायला थांबले की तेवढंच म्हणायचे, “रजिस्टरमध्ये आहे, बाई.” आणि खरं सांगू? मला राग त्यांचा आला नव्हता. सत्तेचाळीस तुकड्यांचा घास माझ्या बापानं चाळीस वर्षं जपला आणि त्यातली सगळ्यात मोलाची दोन मिनिटं मी एका बिस्किटापायी घालवली.

बाबांना हे सांगायचं मला धाडस झालं नाही. आठव्या तुकड्यानंतर त्यांचं कामच नाही. पुढे मोठं आतडं, तिथं चोथा लागतो, आणि चोथ्याचं काम कंपनीच्या कारकुनानं केलंय. रोज रात्री जेवताना वाटायचं, आज सांगू. आणि रोज ते विचारायचे, “आठवा ग्रुप कुठल्या पोरांचा? हुशार आहेत ना?” मी म्हणायचे, “वाढू का अजून?”

शेवटचा दिवस आला. बाबा कडक इस्त्रीचा शर्ट, वर स्वेटर, गळ्यात मापाची टेप अशा थाटात आले. टेप त्यांच्या गळ्यात झोपेतही असते. त्यांना पहिल्या रांगेत कॉम्प्युटरच्या चाकांच्या खुर्चीवर बसवलं. पी.टी. सर पडद्याशेजारी, तोंडात शिट्टी, हातात स्टॉपवॉच. मोठ्या बाई मागच्या बाकावर, हातात फोन. संध्याकाळी पाचला सीडी नष्ट करून तसा दाखला पाठवायचा होता.

पहिला ग्रुप सुरू झाला. आधी त्यांनी काढलेले दात, मग त्यांच्या आवाजात लाळेची माहिती, आणि मग पडद्यावर माझा बाप. चाळीसएक वर्षांचा, गोल, अंगभर ब्रेड. तो उशांच्या दातांमधून असा चेंगरत होता, असे डोळे फिरवत होता की वर्ग बाकांवरून खाली आला. बाबा हसले नाहीत. ते पडद्याकडे पाठ करून मुलांची तोंडं बघत होते.

“उजवीकडची दाढ भुशाची आहे,” त्यांनी शेजारच्या पोराला सांगितलं. “कापूस संपला होता.”

शिट्टी वाजली. सगळे बाहेर. मैदानाला फेरी.

“आजोबांना सूट द्या,” मोठ्या बाई म्हणाल्या.

सर अवघडले. “प्रेक्षक आहेत ना ते? मग नियम सगळ्यांना. आणि तसं बघितलं तर बाई, तुम्ही पण प्रेक्षक आहात.”

चार पोरांनी बाबांची खुर्ची ढकलत नेली. मागून मी, माझ्या मागे चपला हातात घेऊन मोठ्या बाई. घसा झाला, फेरी. जठर सुरू झालं, फेरी. चौथ्या तुकड्याला जठराचं अस्तर हलायला लागलं तशी बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. पहिल्या खेळाला वीज गेली ती इथंच. मी दिव्याच्या बटणाकडे पाहिलं, सरांनी पाहिलं, कुणास ठाऊक का, सगळ्या वर्गानं पाहिलं. वीज गेली नाही. बेचाळीस वर्षांनी माझे वडील जठरातून बाहेर पडले आणि पोरांनी टाळ्या पिटल्या.

पाचव्याला यकृतानं झारीनं हिरवं पाणी ओतलं. सहाव्या फेरीपर्यंत बाकीच्या वर्गांच्या खिडक्या भरल्या होत्या. मैदानात खुर्चीतून म्हातारा हात हलवत चाललाय, मागे चाळीस पोरं, त्यांच्यामागे घामाघूम मुख्याध्यापिका, आणि पुढे शिट्टी. कुणीतरी पाणी आणून दिलं. सातवा तुकडा लागला आणि पडदा गुलाबी झाला. ते साटिन! त्याचं उरलेलं कापड घरी आलं होतं, त्याचा मला फ्रॉक शिवला होता, मी तो आखूड होईपर्यंत घातला. पहिला हात चिरेतून बाहेर आला, त्यानं घासाच्या खांद्यावरचा तुकडा काढला, मग दुसरा हात, मग तिसरा.

शिट्टी.

फेरी मारून आलो. नववा ग्रुप पुढे जाऊन उभा राहिला. ठरल्याप्रमाणे आठव्या ग्रुपची चौघं जागेवरच बसली, एकमेकांना चिकटून, माना खाली.

बाबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. “आठवा कुठाय?”

नवव्या ग्रुपनं माझ्याकडे पाहिलं.

“पोरी, आठवा कुठाय? लहान आतडं संपलं नाही अजून.”

मी त्यांच्या खुर्चीशी गेले. “बाबा, ते होणार नाही. ते मी आधीच दाखवलं. मोठ्या बाईंना. तुमच्यासाठीच गेले होते हो, पण वाया गेलं. मीसुद्धा बघितलं नाही. माझी चूक झाली.” आणि पन्नास वर्षांची घोडी मी, चाळीस पोरांसमोर हुंदका आला.

बाबांनी सीडीकडे पाहिलं, पी.टी. सरांकडे पाहिलं. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. मग खुर्चीचे हात धरून ते उठले.

“सर, हा सिनेमा कंपनीचा. बरोबर?”

“हो, आजोबा.”

“पोशाख कंपनीचा. आतडं कंपनीचं. आणि मी?”

सरांनी सतरा पानं चाळली. पुढून चाळली, मागून चाळली. “तुमच्याबद्दल काही दिलेलं नाही,” ते शेवटी म्हणाले.

“मग बाकं सरकवा रे पोरांनो. दोन्हीकडे ओळी करा. तोंडं समोरासमोर, मध्ये एक माणूस जाईल एवढी जागा. हात मागे ठेवा. मी जवळ आलो की काढायचे, आधी नाही.”

एका मिनिटात वर्गाचं आतडं झालं. पडद्यापासून दारापर्यंत, चांगलं बावीस फूट असेल. दाराशी शेवटची जागा रिकामी होती, मी जाऊन उभी राहिले. सरांनी सवयीनं स्टॉपवॉच सुरू केलं.

बाबा निघाले. तो पडद्यावरचाच घास होता, फक्त हडकलेला. भिंत दाबतेय असे चेंगरले, डोळे फिरवले, गिरकी घेतली. पोरं खिदळली. पहिला हात पुढे आला. बाबांनी गळ्यातली टेप काढून त्यावर ठेवली. दुसऱ्या हातावर पेन. तिसऱ्यावर रुमाल. मग घड्याळ, स्वेटर, खिशातल्या टाचण्यांची डबी, शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान, किल्ली, बसचा पास. खिसे संपले तसे त्यांनी शर्टाची बटणं तोडायला घेतली, एकेका हातावर एकेक. स्वतः लावलेली बटणं, शिंप्याची, सहज तुटत नव्हती, दोन ठिकाणी दात लावावे लागले. बटणं संपली तोवर पोरांचं हसू कधी थांबलं ते मला कळलं नाही. चपला दिल्या, एकीकडे एक, दुसरीकडे एक. शर्ट दिला. ओळीत मध्येच एक केसाळ, मोठा हात होता, मनगटावर शिट्टीची दोरी गुंडाळलेली. सर स्टॉपवॉच दुसऱ्या हातात धरून कधी ओळीत शिरले होते कुणास ठाऊक. बाबांनी त्या हातावर चष्मा ठेवला.

मग ते चाचपडत माझ्यापर्यंत आले. मी उजवा हात पुढे केला. त्यांच्याजवळ द्यायला काही उरलं नव्हतं. मग त्यांनी स्वतःचा हात माझ्या हातावर ठेवला, सुया टोचून टोचून खरखरीत झालेला, आणि वाक्य बोलले.

“झालं. आता मी तुझाच.”

बेचाळीस वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते हे. एवढंसं. पंख्याच्या घरघरीत तेव्हा बोलले होते तेही मलाच, कारण शेवटचा हात माझा होता. मी त्यांना धरून ढसाढसा रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही. मागे मोठ्या बाई फोन उलटा धरून उभ्या होत्या. सरांनी स्टॉपवॉचकडे पाहिलं. चार मिनिटं अकरा सेकंद झाले होते. शिट्टी तोंडात होती, पण वाजवायची राहून गेली होती.

नववा आणि दहावा तुकडा झाला. दहाव्याला मुलांनी जे काय हसायचं ते हसून घेतलं. पाचला सरांनी सीडी मैदानात ठेवली आणि तिच्यावर गोळाफेकीचा गोळा टाकला. पहिल्याच फेकीत फुटली. मला वाटलं बाबांना लागेल, पण ते खुर्चीत माझी ओढणी पांघरून मुलांना सांगत होते, की मखमलीला इस्त्री नेहमी उलट्या बाजूनं करावी.

पोरं घरी पळाली. नियमाप्रमाणे, मॉनिटरचं म्हणणं, शोषलेलं परत देता येत नाही. सोमवारी तिच्या आईनं स्वेटर आणि किल्ली पाठवून दिली, बाकीचं हळूहळू येत राहिलं, टेप अजून आलेली नाही. त्या दिवशी मात्र बाबा अनवाणी, नुसत्या बनियनवर, बिनचष्म्याचे, माझा हात धरून फाटकापर्यंत आले. मागून सर पळत आले.

“आजोबा, एक रकाना राहिलाय. रिकामा ठेवता येत नाही.” त्यांनी रजिस्टर उघडलं. “शेवटची दोन मिनिटं. म्हणजे चार मिनिटं अकरा सेकंद. मालक कोण लिहू?”

बाबांना सर नीट दिसत नव्हते. ते फाटकाच्या खांबाकडे बघून बोलले. “पोरांनी खाल्ली म्हणून लिहा.”

सरांनी तसंच लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली. मग ट्रॅकसूटच्या खिशातून चष्मा काढला, क्षणभर हातात घोळवला आणि बाबांच्या डोळ्यांवर नीट बसवला.

“हा परत देता येतो का, ते बघतो मी,” ते म्हणाले. “पान सापडलं नाही तर राहू द्या तुमच्याकडेच.”

रस्ता ओलांडताना बाबांनी माझा हात सोडला नाही, मीही सोडला नाही.